उलट्या कळ्यांचा मोदक

‘तो हात खाली ठेव,’ सासूबाई म्हणाल्या.

माझ्या हातात आमटीची पळी होती, पळीखाली नानांचं ताट होतं आणि माझ्या लग्नाला पुरते दोन दिवसही झाले नव्हते.

‘कुठला?’ मी विचारलं.

‘ज्याने वाढते आहेस तो.’

नव्या सुनेने सांगितलेलं ऐकावं, म्हणून मी हात खाली केला. हाताबरोबर पळीही खाली गेली आणि आमटी माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, धोतरावर सांडली. नानांच्या धोतराच्या निऱ्या अख्ख्या आळीत प्रसिद्ध होत्या. बारीक, एकसारख्या, पट्टीने मोजून घातलेल्या वाटाव्यात अशा. आमटी त्या निऱ्यांवरून पायरी पायरी करत उतरली आणि पाटावर येऊन थांबली.

‘गरम आहे,’ एवढंच नाना म्हणाले आणि भात कालवू लागले.

मी डावखुरी आहे हे माझ्या वडिलांनी लग्नाआधी सांगितलं नव्हतं. खोटं ते बोलले नाहीत, फक्त युक्ती केली. मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा त्यांनी माझ्या हातात पोह्यांचं भलंमोठं तबक दिलं, दोन्ही हात लावल्याशिवाय उचलणारच नाही असं. मग मला गाणं म्हणायला लावलं, कारण गाण्याला हात लागत नाहीत. नवरा मुलगा महाडला बँकेत होता. त्याने विचारलं, ‘आवड कशाची?’ मी म्हटलं, ‘वाचनाची.’ पुस्तकाचं पान कुठल्या हाताने उलटता, हे काही त्याला विचारायचं सुचलं नाही. अशा रीतीने मी मेहेंदळ्यांची सून होऊन कोंडशेतच्या देवआळीत आले आणि दुसऱ्याच दिवशी आमटीने घात केला. आता त्याला छत्तीस वर्षं झाली, तरी आमटी वाढताना मी अजून आधी समोरच्याचं धोतर बघते. हल्ली पँट असते.

संध्याकाळपर्यंत ती बातमी आळीभर झाली. समोरच्या खांबेटेकाकू समाचाराला आल्या. जाड भिंगांचा चष्मा, नाकात चमकी आणि आवाज हळू ठेवून दूरवर पोचवण्याची कला.

‘सुनेचं ऐकलं हो, उमावहिनी,’ त्या सासूबाईंना म्हणाल्या. ‘फार वाईट वाटलं.’

‘आमच्याकडे कुणी गेलेलं नाही,’ सासूबाई म्हणाल्या.

‘तसं नव्हे. पण तुमच्या घरी पहिल्या ताटाचा मान. त्यात असला हात घरात आला. देवाचं आहे म्हणून बोलते, नाहीतर मला काय करायचंय?’

हा पहिल्या ताटाचा मान म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या आळीत गणपतीचं देऊळ आहे. माघातल्या चतुर्थीला देवाचा जन्मोत्सव असतो आणि दुपारी बाराला देवापुढे पहिलं ताट ठेवतात ते एकवीस उकडीच्या मोदकांचं. ज्या घरचा मोदक सगळ्यांत सुरेख, ते ताट त्या घरचं. ठरवायचे आपटे मास्तर. शहाऐंशी वर्षांचे, देवस्थानाचे प्रमुख पंच. आळीतल्या प्रत्येकाला त्यांनी पहिली-दुसरीत शिकवलेलं, त्यामुळे साठीच्या माणसालाही ते वर्गातल्यासारखं आडनावाने उभं करत आणि माणसं खरोखरच उभी राहत. माझ्या लग्नाच्या अकरा वर्षं आधीपर्यंत हा मान खांबेट्यांकडे होता. मग एका वर्षी तो आमच्या घरी आला आणि परत गेलाच नाही. तेव्हापासून खांबेटेकाकू नैवेद्याच्या वेळी सभामंडपाच्या टोकाला, खांबाआड, ताटाकडे पाठ करून बसत. दुसऱ्याच्या मोदकाकडे बघायचंच नाही, असा त्यांचा बाणा होता.

सासूबाई काही वाईट नव्हत्या. त्या मानाला जपत होत्या. त्या दिवसापासून मला घरात सगळं उजव्या हाताने करायला लावलं. मी उजव्या हाताने पोळ्या लाटल्या, त्या बघून नाना एकदा म्हणाले, ‘हा कोकणचा नकाशा छान झालाय.’ मी उजव्या हाताने कुंकू लावलं, ते शेजारणीच्या भुवईला लागलं. उजव्या हाताने विळीवर नारळ खवताना दोनदा बोट खवलं. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडायचे. हे शनिवारी यायचे, त्यांना सांगितलं तर म्हणायचे, ‘सवय होईल.’ डावखुऱ्या माणसाला आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य ते हेच.

नाना माझ्या बाजूने कधी बोलले नाहीत. विरुद्धही नाही. जेवण झालं की ते ओसरीवर अडकित्ता घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत आणि सुपारी कातरत. भिंतीकडे का, तर आळीचं म्हणणं होतं की म्हातारा चिकट आहे, कुणी सुपारी मागू नये म्हणून तोंड फिरवतो. मलाही ते खरं वाटलं होतं.

पौषातल्या संकष्टीला मी धीर केला. सासूबाई मागीलदारी गेल्या होत्या, परातीत उकड मळून ठेवलेली होती, सारण तयार होतं. मला माहेरी मोदकांचं भारी वेड. मी डाव्या हाताने भराभर एक पारी केली, सारण भरलं, कळ्या पाडल्या, सगळ्या गोळा करून वरती टोक काढलं आणि मोदकपात्रात ठेवून दिला. म्हटलं, बघतील तर खरं. उजव्या हाताने ज्या पोळ्या करते त्यावरून माझी परीक्षा नको.

सासूबाई आल्या. त्यांनी झाकण काढलं. तो मोदक बघितला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

‘हा कुणी केला?’

‘मी,’ मी म्हटलं. ‘बरा झालाय ना?’

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा खिडकीकडे बघितलं, आणि तो वाफाळता मोदक उचलून अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं. चावलाही नाही बहुतेक. घसा धरून त्या दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या.

‘पुन्हा,’ आवाज फुटल्यावर त्या म्हणाल्या, ‘या घरात मोदकाला हात लावायचा नाही. कुणी बघितला असता म्हणजे?’

माझ्या हातचा मोदक इतका लाजिरवाणा आहे की तो पोटात लपवावा लागतो, असा मी त्याचा अर्थ घेतला. त्या रात्री माहेरी पत्र लिहिलं, डाव्या हाताने लिहिलं आणि फाडून टाकलं.

मग माघी चतुर्थी आली. आमच्या घरी त्या दिवशी कडक सोवळं. पहाटे अंघोळ करून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, मागोमाग नाना कद नेसून गेले आणि आतून कडी लागली. नैवेद्य होईपर्यंत त्या दाराला कुणी बोटही लावायचं नाही, अशी या घराची रीत.

‘नाना आत कशाला?’ मी आधीच विचारून ठेवलं होतं.

‘नारळ खवायला,’ सासूबाई म्हणाल्या होत्या.

मी ओटीवर समया घासत बसले होते. आतून बोलणं ऐकू येत होतं.

‘हळू. तुटेल,’ सासूबाई.

‘नाही तुटत,’ नाना.

‘किती झाले?’

‘चौदा.’

एकवीस मोदकांना चौदा नारळ कशाला लागतात, हे कोडं मला काही सुटलं नाही. पण सासरच्या रिती, आपण काय बोलणार.

साडेअकराला आम्ही देवळात गेलो. पुढे सासूबाई, हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट. मागे नाना, धोतराच्या निऱ्या नेहमीसारख्या. त्यांच्या मागे मी, दोन्ही हात पदराखाली गुंडाळून, कारण सासूबाईंची तशी आज्ञा होती. देऊळ भरलं होतं. मास्तर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी खुर्चीवर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. पुजाऱ्यांनी ताट घेतलं आणि वरचं पान काढलं.

सभामंडपात एक लांबलचक ‘आहाहा’ उठला. मोदक होतेच तसे. एकवीसच्या एकवीस एकाच मापाचे, कळ्या केसासारख्या, टोकं सरळ.

आणि त्याच वेळी खांबाआडून खांबेटेकाकू उठल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ताटाकडे तोंड वळवलं, सरळ पुढे आल्या आणि चष्मा वर सरकवून ताटावर वाकल्या. त्या वर्षी त्यांना बघण्यासारखं कारण मिळालं होतं ना.

‘थांबा,’ त्या पुजाऱ्यांना म्हणाल्या. ‘हे ताट ठेवू नका.’

‘काय झालं?’ मास्तर म्हणाले.

‘मी चाळीस वर्षं मोदक करतेय, मास्तर. उजव्या हाताने केलेल्या मोदकाच्या कळ्या उजवीकडे झुकतात. माझ्या बघा, कुणाच्याही बघा. या एकवीसच्या एकवीस डावीकडे झुकल्यात. हे डाव्या हाताचं काम आहे.’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘मेहेंदळ्यांच्या घरात डावा हात कुणाचा, ते मी सांगायला नको.’

सगळं देऊळ माझ्याकडे बघू लागलं. पदराखालून हात काढावेत की आणखी आत न्यावेत ते मला कळेना. मी ताटाकडे बघितलं. कळ्या खरोखरच डावीकडे झुकलेल्या होत्या. अगदी माझ्या त्या संकष्टीच्या मोदकासारख्या. पण मी तर पहाटेपासून समया घासत होते.

‘उमाबाई,’ मास्तर म्हणाले, ‘सुनेने केलेत का हे?’

सासूबाई म्हणतील नाही, एवढं मला ठाऊक होतं. एक शब्द तर बोलायचा होता. पण त्या बोलल्याच नाहीत. खाली बघत राहिल्या. नाना देवाकडे बघत राहिले. त्या दोघांच्या मध्ये उभी राहून मला जे वाटलं ते मी आजही विसरलेले नाही. दोन महिने उजव्या हाताने बोटं कापून घेतली, समाचार ऐकून घेतले, आणि आता न केलेल्या मोदकांचा विटाळही माझ्याच माथी. हे ताट परत गेलं असतं तर मान गेला असता, आणि आळीत जन्मभर मी ‘नैवेद्य बाटवणारी’ म्हणून राहिले असते. माझं टाळकं फिरलं.

‘ते कॅलेंडर बघा,’ मी म्हटलं.

‘कुठलं कॅलेंडर?’

देवस्थानाने त्या वर्षी पहिल्यांदाच रंगीत कॅलेंडर छापलं होतं. वर मूर्ती आणि मूर्तीपुढे गेल्या वर्षीच्या उत्सवातलं पहिलं ताट, अगदी जवळून काढलेला फोटो. घरोघर वाटलं होतं. सभामंडपातही दानपेटीच्या वर टांगलं होतं. खांबेटेकाकूंनी आपल्या घरी ते भिंतीकडे तोंड करून लावलं होतं, मागच्या बाजूला तारखा नसूनही.

‘तो फोटो गेल्या माघातला आहे,’ मी म्हटलं. ‘माझं लग्न मार्गशीर्षात झालं. गेल्या माघात मी माहेरी होते. त्यातल्या कळ्या कुणीकडे झुकल्यात ते बघा.’

कुणीतरी कॅलेंडर काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. मास्तरांनी भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

‘डावीकडे,’ ते म्हणाले.

‘छापताना फोटो उलटा होतो,’ खांबेटेकाकू लगेच म्हणाल्या. ‘माझ्या भावाच्या लग्नात झाला होता. सगळ्यांची बटणं बायकांसारखी.’

मास्तरांनी हे मनावर घेतलं. ते शिक्षक होते, पुराव्याशिवाय बोलणारे नव्हेत. त्यांनी गाभाऱ्यातल्या मूर्तीकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, मग पुन्हा मूर्तीकडे, आणि वर्गात वाचून दाखवावं तसं मोठ्याने म्हणू लागले, ‘मूर्तीची सोंड डावीकडे. फोटोत सोंड डावीकडे. म्हणजे फोटो सुलटा आहे. दुसरी खूण. मूर्तीच्या हातात मोदक आहे, तो डाव्या हातात. फोटोतही मोदक डाव्या...’

इथे ते थांबले. देऊळही थांबलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्या मूर्तीपुढे उभी राहणारी दोनशे माणसं, आणि देवाने मोदक कुठल्या हातात धरलाय हे त्या दिवशी पहिल्यांदा बघत होती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘अरेच्चा.’

‘ते देवाचं झालं,’ खांबेटेकाकू म्हणाल्या, पण आवाजातला जोर कमी झाला होता. ‘देव काय वाटेल ते करील. माणसांत हे कुणी केलं? उमावहिनी तर उजव्या हाताच्या आहेत.’

आणि मला एकदम कळलं की मी स्वतःला सोडवलं ते सासूबाईंना अडकवून. आता प्रश्न सरळ त्यांच्यावर आला होता. मला क्षणभर वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण कॅलेंडर काही परत भिंतीवर जाणार नव्हतं.

‘सोपं आहे,’ मास्तर म्हणाले. ‘प्रसादाच्या मोदकांची उकड मागे मळलेली आहे. घेऊन या. उमाबाई, आमच्यासमोर एक मोदक करा.’

परात आली. सासूबाई पाटावर बसल्या. त्यांनी पारी केली ती चांगली झाली. सारण भरलं तेही नेमकं. मग कळ्या पाडायला घेतल्या. पहिली कळी भाकरीच्या काठासारखी जाड, दुसरी त्याहून जाड, तिसरीशी पारी फाटली. त्यांनी ती चिकटवली तर दुसरीकडून खोबरं बाहेर आलं. शेवटी जे हातात राहिलं त्याला मोदक म्हणायचं की बटाटा, यावर दोन मतं होऊ शकली असती.

कुणी हसलं नाही. खांबेटेकाकूसुद्धा नाही. सासूबाईंनी तो गोळा मांडीवर धरला आणि मान खाली घातली.

‘मला येतच नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘कधीच आले नाहीत. सारण माझं, उकड माझी. कळ्या माझ्या नव्हेत. अकरा वर्षांपूर्वी माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, तेवढ्या एका वर्षापुरतं म्हणून...’

तेव्हा नाना पुढे आले.

‘मी केले,’ ते म्हणाले. ‘त्या वर्षी. आणि नंतरही. मान घरी येऊन बसला, मग तिला पुन्हा करायला लावणं बरं दिसेना.’

‘तू?’ मास्तर म्हणाले. ‘मेहेंदळे, तू तर उजव्या हाताने लिहितोस. मीच तुला शिकवलंय.’

‘हो मास्तर. लिहितो उजव्यानेच. तेवढंच तुम्ही शिकवलंत.’

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. शहाऐंशी वर्षांच्या डोक्यात कुठेतरी पहिलीचा वर्ग उघडला असावा.

‘इकडे ये,’ ते म्हणाले. ‘हात पुढे कर.’

नाना चौसष्ट वर्षांचे होते. एसटीतून निवृत्त झालेले, नातवंडांची वाट बघणारे. ते मुकाट्याने मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

‘तो नव्हे.’

नानांनी डावा हात पुढे केला. तळवा खाली, बोटांचे सांधे वर, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. त्या हाताला सत्तावन्न वर्षांनीही सगळं पाठ होतं.

मास्तरांची काठी हातातून सुटून खाली पडली. त्यांनी आपल्या दोन्ही हातांनी नानांचा हात धरून उलटा केला, तळवा वर आणला, आणि परातीतल्या उकडीचा एक गोळा त्यावर ठेवला.

‘कर,’ ते म्हणाले.

नानांनी डोळे उघडले. आधी गोळ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मग तिथेच, उभ्या उभ्या, मोदक करायला घेतला. त्यांची बोटं कशी चालली ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. धोतराच्या निऱ्या कुठून येतात ते कळलं, एवढं सांगते. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. एकोणीस कळ्या, मी मोजल्या, आणि एकोणीसच्या एकोणीस डावीकडे झुकलेल्या.

मास्तरांनी तो मोदक हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला.

‘मेहेंदळे,’ ते म्हणाले, ‘मी तुला पट्टी किती वेळा मारली असेल?’

‘मोजली नाही, मास्तर. तेव्हा आकडे यायचे नाहीत.’

मास्तर हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. उपरण्याने तोंड पुसून ते सभामंडपाकडे वळले.

‘हे मोदक अकरा वर्षं देवाने खाल्लेत,’ ते म्हणाले. ‘मीही खाल्लेत, दर वर्षी पाच. देवाला काही झालेलं नाही. मला जे झालंय ते वयाने. ताट ठेवा. मान मेहेंदळ्यांचाच. कुठल्या मेहेंदळ्याचा, ते त्यांनी घरी जाऊन ठरवावं.’

घंटा वाजली. आरती सुरू झाली. खांबेटेकाकू टाळ्या वाजवताना आपल्याच हातांकडे बघत होत्या, कुठला कुठल्यावर आपटतो ते.

घरी आलो. नानांनी अडकित्ता घेतला, ओसरीवर गेले, सवयीने भिंतीकडे तोंड करून बसले. मग उठले, पाट फिरवला आणि आळीकडे तोंड करून सुपारी कातरू लागले. डाव्या हाताने. येणारा-जाणारा थांबून बघत होता आणि नाना प्रत्येकाला सुपारी देत होते. म्हातारा चिकट नव्हता.

मी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

‘आमटी सांडली त्या दिवशी मी बोलायला हवं होतं,’ ते म्हणाले. ‘भ्यालो. माझं चुकलं गो.’

धोतरावर आमटी सांडणाऱ्या सुनेची माफी मागणारा सासरा मी तरी दुसरा बघितलेला नाही.

आत सासूबाई मोदकपात्र पुसत होत्या. एकच जागा किती वेळ पुसत होत्या कोण जाणे.

‘आई,’ मी म्हटलं, ‘संकष्टीला तुम्ही माझा मोदक गिळलात तो...’

‘मग काय करू?’ त्या म्हणाल्या. ‘हुबेहूब त्यांच्यासारखा होता. कुणी दोन्ही शेजारी ठेवून बघितले असते तर? भाजला हो माझा घसा. आठ दिवस ताकावर होते.’ मग म्हणाल्या, ‘देवळात मी तोंड उघडायला हवं होतं. मोदक तू नाही केलेस, एवढं तरी. माझी जीभ उचलली नाही. तुझा राग खरा आहे.’

मी रागावलेच होते, आणि तो राग आठवडाभर टिकवायचा माझा विचार होता. पण त्यांच्या मांडीवर तो देवळातला बटाटा होता, पदरात बांधून आणलेला. तो बघून मला हसू फुटलं. मग त्याही हसल्या. तो गोळा आम्ही उकडून दोघींनी खाल्ला. सारण उत्तम होतं.

पुढच्या वर्षीच्या माघाची एक गंमत सांगून थांबते. महिनाभर आधीपासून आळीतल्या बायका चोरून डाव्या हाताने मोदक करून बघत होत्या, कारण देवाला तसलेच आवडतात असं सगळ्यांचं ठरलं होतं. त्या महिन्यात देवआळीत जेवढे फुटके मोदक खाल्ले गेले तेवढे आधी कधी खाल्ले गेले नसतील. खांबेटेकाकू तर एका संध्याकाळी आमच्या ओटीवर आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, ‘अगो, तो डावा अंगठा नेमका कुठे ठेवतेस?’ मी दाखवला. त्यांना जमला नाही. मी म्हटलं, ‘सवय होईल.’ हे वाक्य दुसऱ्याला म्हणताना किती बरं वाटतं ते मला त्या दिवशी समजलं.

चतुर्थीच्या पहाटे सासूबाईंनी मला हाक मारली. मी अंघोळ करून, सोवळ्यातलं नेसून स्वयंपाकघरात गेले. दार त्या वर्षी उघडंच होतं. परातीच्या एका बाजूला नाना बसले होते, समोर माझा पाट मांडला होता. दहा त्यांचे, अकरा माझे, असं ठरलं होतं. सासूबाईंनी उकडीचा पहिला गोळा माझ्यापुढे धरला.

देवाचं काम होतं. पहिल्या दोन महिन्यांत ऐकलेलं सगळं एकदम मनात आलं, आणि माझी मीच नकळत उजवा हात पुढे केला.

सासूबाईंनी गोळा मागे घेतला.

‘तो हात खाली ठेव,’ त्या म्हणाल्या. ‘डाव्याने कर. देवाला सवय आहे.’